एकच जंतू, दोन रोग

भोपाळ शहराच्या पूर्वेकडील पिपलानी ही मुख्यतः कारखान्याची वसाहत आहे. १९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्स या सरकारी कंपनीने ब्रिटिश तज्ज्ञांच्या साहाय्याने येथे विजेच्या प्रचंड यंत्रांचा कारखाना उभारला आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून, त्यांत महाराष्ट्रातूनही, माणसे येथे येऊन स्थायिक झाली. अशा कारखान्यात कोवळ्या वयाचा मुलगा प्रथम शिकाऊ उमेदवार म्हणून पाऊल टाकतो. त्या दिवशी तो फिटर नसतो, टर्नर नसतो, वेल्डरही नसतो. कोणत्या खात्यात कशाची गरज आहे आणि वरून कोणता हुकूम येतो, यावर त्याचा धंदा ठरतो. एकदा हात त्या कामाला बसला, त्या कामाची हत्यारे हाती आली, म्हणजे मग तो सहसा दुसऱ्या धंद्याकडे वळत नाही.

मनुष्याच्या शरीरातही असेच उमेदवार असतात. त्यांना साहाय्यक टी-पेशी असे म्हणतात. रोगजंतूंशी सामना करण्याचे अनेक मार्ग शरीरापाशी आहेत. त्यांपैकी कोणता मार्ग पत्करावयाचा, हे बव्हंशी या पेशी कोणता धंदा शिकतात त्यावर अवलंबून असते. योग्य वेळी योग्य धंदा शिकलेली पेशी तयार झाली तर रोग हटतो. भलताच धंदा शिकलेली पेशी पुढे आली, तर सैन्य असूनही किल्ला पडतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ज्याला आपले वाडवडील महारोग किंवा रक्तपिती म्हणत, तो कुष्ठरोग होय. हे उदाहरण नीट समजले, तर या रोगाभोवती शतकानुशतके साचलेला पुष्कळसा गैरसमजही दूर होण्यासारखा आहे.

प्रथम या पेशींची ओळख करून घेणे अवश्य आहे. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या किंचित वर, थायमस नावाची एक ग्रंथी असते. बालपणी ती मोठी असते आणि वयाबरोबर आक्रसत जाते. ही ग्रंथी निरुपयोगी असावी, असा समज पुष्कळ काळ होता. १९६१ साली जॅक मिलर या शास्त्रज्ञाने नवजात उंदरांतील ही ग्रंथी काढून टाकली, तेव्हा ते उंदीर साध्या साध्या रोगांना बळी पडू लागले. त्यावरून कळून आले, की प्रतिकाराच्या सैन्यातील एक मोठी पलटण याच ग्रंथीत शिक्षण घेऊन बाहेर पडते. थायमसमध्ये तयार होणाऱ्या म्हणून त्या टी-पेशी. पुढे १९६८ साली मेलबर्न येथे मिलर आणि त्यांचे सहकारी ग्रॅहम मिचेल यांनी दाखवून दिले, की यांतील काही पेशी स्वतः जंतूनाशक द्रव्य तयार करीत नाहीत. त्या दुसऱ्या पेशींना ते तयार करण्यास साहाय्य करतात. साहाय्यक हे नाव त्यांना येथून मिळाले. नाव नम्र असले, तरी अधिकार मोठा आहे. एड्स या रोगाचे विषाणू मुख्यतः याच पेशींचा नाश करतात आणि तेवढ्याने सारी संरक्षणव्यवस्था ढासळते, यावरून त्यांचे महत्त्व ध्यानात येईल.

थायमसमधून बाहेर पडलेली साहाय्यक पेशी कोरी असते. तिच्या अंगावर एकाच विशिष्ट आकाराचे ग्राहक रेणू असतात. त्या आकाराशी जुळणारा परका पदार्थ भेटेपर्यंत ती रक्तातून आणि लसिकाग्रंथींतून हिंडत राहते. काखेत, जांघेत, मानेला ज्या गाठी एखादे वेळी दुखऱ्या होऊन हाताला लागतात, त्या या लसिकाग्रंथीच होत. त्वचेत किंवा फुप्फुसात जंतू शिरला, म्हणजे तेथे पहाऱ्यावर असलेल्या, हातपाय पसरल्यासारख्या दिसणाऱ्या डेंड्रिटिक पेशी त्याला गिळतात, त्याचे बारीक तुकडे करतात आणि ते तुकडे घेऊन जवळच्या लसिकाग्रंथीत येतात. तेथे हजारो कोऱ्या पेशी त्या तुकड्यांपुढून जातात. ज्या पेशीचा आकार जुळतो, ती थांबते.

परंतु नुसता आकार जुळून भागत नाही. कोरी पेशी कामास लागण्यासाठी तीन गोष्टी जमून याव्या लागतात. पहिली, जंतूच्या तुकड्याची ओळख पटणे. दुसरी, डेंड्रिटिक पेशीने ‘हा शत्रूच आहे’ अशी खात्री देणारी दुसरी खूण करणे. ही खूण नसेल तर टी-पेशी जागी होण्याऐवजी निष्क्रिय होते, आणि हे योग्यच आहे, कारण शरीरातील स्वतःच्या पदार्थांवर हल्ला होणे कोणालाच परवडणारे नाही. तिसरी गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. त्या वेळी भोवतालच्या द्रवात जी रासायनिक संदेशद्रव्ये असतील, ती कोऱ्या पेशीला कोणता धंदा शिकावयाचा तो हुकूम देतात. या संदेशद्रव्यांना सायटोकाइन म्हणतात. पहारेकरी पेशीला कोणत्या तऱ्हेचा शत्रू भेटला, त्याप्रमाणे ती निरनिराळी सायटोकाइन सोडते. म्हणजे जंतूचा तुकडा हा शत्रूचा चेहरा, आणि सायटोकाइन हा त्याच्याशी कसे लढावे याविषयीचा हुकूम.

हुकूम निरनिराळे का लागतात? कारण शत्रू निरनिराळ्या ठिकाणी राहतात. काही जंतू रक्तात आणि शरीरातील द्रवांत मोकळे फिरतात. त्यांना प्रतिपिंडे, म्हणजे बी-पेशींनी तयार केलेली चिकटणारी प्रथिने, गाठू शकतात. काही जंत एवढे मोठे असतात की कोणतीही पेशी त्यांना गिळू शकत नाही. त्यांना आतड्यातून हुसकून बाहेर काढावे लागते. आणि काही जंतू अत्यंत धूर्त असतात. जी महाभक्षक पेशी त्यांना गिळते, तिच्याच पोटात ते घर करून राहतात. क्षयाचे जंतू आणि कुष्ठाचे जंतू या जातीचे. बंद घराच्या आत बसलेल्या चोरावर बाहेरून कितीही दगड मारले, तरी त्याला इजा होत नाही. त्याचप्रमाणे पेशीच्या आत बसलेल्या जंतूला प्रतिपिंडे शिवू शकत नाहीत. तेथे त्या घराच्या मालकालाच जागे करून, त्याच्याच हातून चोराला मारवावे लागते.

इंटरल्यूकिन-१२ हे द्रव्य भोवती असेल, तर कोरी पेशी पहिल्या प्रकारची साहाय्यक पेशी बनते. ही पेशी इंटरफेरॉन-गॅमा नावाचे द्रव्य सोडते आणि त्यायोगे महाभक्षक पेशीला जागे करून तिच्या पोटातील जंतू मारावयास लावते. भोवती इंटरल्यूकिन-४ असेल, तर ती दुसऱ्या प्रकारची पेशी बनते. ही पेशी जंतांविरुद्ध उपयोगी पडणाऱ्या पेशींना आणि विशिष्ट प्रतिपिंडांना चालना देते. दमा आणि ॲलर्जी या व्याधींत हीच पेशी वाजवीपेक्षा जास्त उत्साह दाखविते. या दोन प्रकारांचा शोध १९८६ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे टिम मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन यांनी उंदरांच्या पेशींवरील प्रयोगांतून लावला. पुढे आणखी प्रकार सापडले. लसिकाग्रंथीतच राहून बी-पेशींना उत्तम प्रतिपिंडे तयार करण्यास शिकविणारी एक पेशी असते. त्वचा, आतडी इत्यादी ठिकाणच्या बुरशीवर आणि काही जंतूंवर पांढऱ्या पेशींची फौज बोलावणारी एक पेशी २००५ साली ओळखण्यात आली. आणि लढाई आवरती घेणारी, सैन्याला शिस्त लावणारी एक नियामक टी-पेशी जपानचे शिमॉन साकागुची यांनी १९९५ साली दाखवून दिली; या संशोधनासाठी त्यांना आणि मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल या अमेरिकन शास्त्रज्ञांना २०२५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बाहेरचा हुकूम पेशीच्या आत कसा मुरतो, हेही पाहण्यासारखे आहे. प्रत्येक पेशीच्या केंद्रात सर्व धंद्यांची पुस्तके असतात. कोणती उघडी ठेवावयाची, एवढाच प्रश्न असतो. इंटरल्यूकिन-१२ चा संदेश आत पोहोचला, म्हणजे टी-बेट नावाचे एक प्रथिन जागे होते. ते इंटरफेरॉन-गॅमाचे पुस्तक उघडते आणि त्याच वेळी दुसऱ्या प्रकारच्या धंद्याची पुस्तके मिटवू लागते. इंटरल्यूकिन-४ च्या संदेशाने गाटा-३ नावाचे दुसरे प्रथिन जागे होते आणि ते नेमके उलट करते. टी-बेटचा शोध २००० साली हार्वर्ड विद्यापीठात लॉरी ग्लिमचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. पेशी दर विभागणीबरोबर आपल्या निवडलेल्या धंद्यात अधिकाधिक पक्की होत जाते, आणि एका पेशीपासून काही दिवसांत त्याच धंद्याच्या हजारो पेशी तयार होतात. शिवाय प्रत्येक प्रकारच्या पेशी जी द्रव्ये सोडतात, ती आपल्याच प्रकाराला पुष्टी देतात आणि विरुद्ध प्रकाराला दाबून टाकतात. त्यामुळे आरंभी तराजूचे पारडे किंचितसे जरी एका बाजूला झुकले, तरी पुढे ते त्याच बाजूला अधिकाधिक झुकत जाते. तथापि ही निवड दगडावरची रेघ मात्र नव्हे. काही पेशी परिस्थिती पालटली म्हणजे थोड्याफार प्रमाणात धंदाही पालटतात. या गोष्टीचे महत्त्व पुढे दिसून येईल.

आता कुष्ठरोगाकडे वळू. नॉर्वेतील बर्गन येथे डॉ. गेऱ्हार्ड हॅन्सेन यांनी १८७३ साली या रोगाचा जंतू शोधून काढला. हा जंतू फार सावकाश वाढतो. एकाचे दोन व्हावयास त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून शरीरात शिरल्यापासून रोग दिसू लागेपर्यंत अनेक वर्षे, कधी कधी २० वर्षेही जातात. शरीराचे थंड भाग, म्हणजे त्वचा, नाक, कानांच्या पाळ्या आणि त्वचेलगतचे मज्जातंतू, त्याला अधिक मानवतात. प्रयोगशाळेतील कोणत्याही कृत्रिम अन्नावर तो वाढत नाही. मुंबईच्या परळ भागात टाटा मेमोरियल इस्पितळाच्या परिसरात ज्यांनी संशोधनाचा पाया घातला, त्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी या रोगाच्या अगदी आरंभीच्या चट्ट्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने अभ्यास केला. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून हे जंतू त्वचेतील बारीक मज्जातंतूंत किती लवकर शिरतात, यावर मोठा प्रकाश पडला. चट्ट्याची स्पर्शसंवेदना का नाहीशी होते, याचे उत्तर त्यात आहे.

या रोगाविषयी वैद्यांना फार दिवसांपासून एक कोडे पडलेले होते. काही रुग्णांच्या अंगावर एक-दोन फिकट किंवा तांबूस चट्टे येतात. तेथे स्पर्श कळत नाही. पण तपासून पाहिले तर त्या चट्ट्यांत जंतू जवळजवळ सापडतच नाहीत. दुसऱ्या काही रुग्णांची सारी त्वचा जाड होते, चेहऱ्यावर आणि कानांवर गाठी येतात, भुवया झडतात, आणि त्वचेच्या एका ग्रॅममध्ये अब्जावधी जंतू आढळतात. दोघांच्या अंगातील जंतू मात्र अगदी एकच. जपानचे डॉ. केनसुके मित्सुदा यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मेलेल्या कुष्ठजंतूंचा अर्क त्वचेत टोचून पाहिला. पहिल्या तऱ्हेच्या रुग्णांत तीन-चार आठवड्यांनी त्या जागी गाठ येते. दुसऱ्या तऱ्हेच्या रुग्णांत काहीच होत नाही. म्हणजे रोगाचे स्वरूप जंतूवर नसून रुग्णाच्या शरीराच्या उत्तरावर अवलंबून आहे, असा तर्क निघत होता. १९६६ साली रिडले आणि जॉपलिंग या डॉक्टरांनी या दोन टोकांच्या मध्ये येणाऱ्या अवस्था लावून रोगाची पाच श्रेणींत मांडणी केली, आणि ती आजही वापरात आहे. पण शरीराचे उत्तर एवढे भिन्न का, हे कळावयास आणखी पंचवीस वर्षे लागली.

१९९१ साली लॉस एंजेलिस येथे रॉबर्ट मॉडलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांच्या त्वचेतील सायटोकाइनांची तपासणी केली. थोडे चट्टे आणि थोडे जंतू असलेल्यांच्या त्वचेत इंटरफेरॉन-गॅमासारखी, पहिल्या प्रकारच्या साहाय्यक पेशींची द्रव्ये आढळली. असंख्य जंतू असलेल्यांच्या त्वचेत इंटरल्यूकिन-४, इंटरल्यूकिन-५ आणि इंटरल्यूकिन-१० या द्रव्यांचे राज्य होते. उंदरांत पाच वर्षांपूर्वी दिसलेले दोन धंदे माणसाच्या एका जुन्या रोगात समोरासमोर उभे असलेले दिसले. गाठी असलेल्या रुग्णाच्या शरीरात संरक्षणाची शक्ती मुळीच नव्हती, असे नाही. त्याच्या रक्तात प्रतिपिंडांचा पूर असतो. फक्त ती प्रतिपिंडे बंद दारावर आदळून परत फिरतात, कारण महाभक्षक पेशीला आतून जागे करणारी पेशीच पुरेशी तयार झालेली नसते. जेथे वेल्डर पाहिजे होता, तेथे सुतारांची रांग उभी राहिली, असेच म्हणावयाचे. नंतरच्या संशोधनाने या चित्रात भर घातली. लढाई आवरणाऱ्या नियामक पेशीही अशा रुग्णांत अधिक आढळतात, आणि मधल्या श्रेणींच्या रुग्णांत दोन्ही प्रकारांचे मिश्रण असते.

येथे एक सावधगिरीची सूचना अवश्य आहे. पहिल्या प्रकारच्या पेशी चांगल्या आणि दुसऱ्या वाईट, असा निष्कर्ष कोणी काढू नये. पोटात जंत झाले असता दुसऱ्या प्रकारच्या पेशीच उपयोगी पडतात. उलट पहिल्या प्रकारच्या पेशींचा हल्ला मज्जातंतूच्या आत झाला, तर जंतू मरतात, पण त्या झटापटीत मज्जातंतूही भाजून निघतो. थोडे चट्टे असलेल्या रुग्णाचा हात किंवा पाय लुळा पडतो, तो पुष्कळदा स्वतःच्याच सैन्याच्या आवेशामुळे. योग्य पेशी, योग्य जागी आणि योग्य मापात, हेच आरोग्याचे सूत्र आहे.

पेशींना हवा तो धंदा मुद्दाम शिकविता येईल काय? या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग मुंबईत घडला. १९५८ साली खानोलकर, डॉ. कमल रणदिवे आणि सी. व्ही. बापट यांनी एका कुष्ठरुग्णाच्या गाठीतून मिळालेले एक प्रकारचे जंतू प्रयोगशाळेत वाढविले. ते खुद्द कुष्ठजंतू नसून त्यांच्याच कुळातील होते, असे पुढे ठरले. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांना १९८२ साली पद्मभूषण मिळाले. परळच्याच संस्थेत डॉ. म. ग. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली त्या जंतूंपासून कुष्ठरोगाविरुद्ध एक लस तयार केली. गाठी असलेल्या, म्हणजे मित्सुदांच्या कसोटीस मुळीच दाद न देणाऱ्या, काही रुग्णांना ती टोचल्यावर त्यांच्या शरीराने त्या कसोटीस उत्तर द्यावयास आरंभ केला. पारडे हलविता येते, याचा हा पुरावा होता. तमिळनाडूत चार निरनिराळ्या लसींची तुलना करण्यात आली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे या लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले, तर आपल्या परिचयाच्या बी. सी. जी. लसीने सुमारे ३४ टक्के. मुंबईची ती लस सर्वसामान्य वापरात आली नाही. परंतु क्षयासाठी म्हणून बहुतेक भारतीय मुलांच्या दंडावर टोचली जाणारी बी. सी. जी. कुष्ठरोगालाही थोडाफार आळा घालते, हे त्यातून निश्चित झाले. मेलेले किंवा दुर्बळ केलेले जंतू दाखवून कोऱ्या पेशींना आधीच योग्य धंदा शिकवून ठेवणे, हेच तिचे काम.

या साऱ्या शास्त्रातून माणसाच्या व्यवहाराविषयी जे निष्पन्न होते, ते शास्त्राइतकेच महत्त्वाचे आहे. हॅन्सेनना जंतू दिसला, त्याच १८७३ साली फादर डेमियन हे बेल्जियन धर्मगुरू हवाई बेटांतील मोलोकाई येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेस गेले. तेथे बारा-एक वर्षांनी त्यांना स्वतःला हा रोग जडल्याचे निश्चित झाले आणि १८८९ साली त्यातच त्यांचा अंत झाला. २००९ साली ख्रिस्तमंडळाने त्यांना संतपद दिले. इकडे चांदा जिल्ह्यातील वरोरा येथे मुरलीधर देवीदास तथा बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि आनंदवन उभे केले. या रोगाचे शिक्षण घेण्यासाठी ते कलकत्त्यास गेले असता प्रयोगासाठी त्यांनी स्वतःच्या देहात जंतू टोचून घेतले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. रोग त्यांना झाला नाही. २००८ साली वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दोघांनीही रुग्णांच्या जखमा धुतल्या. एकाच्या त्यागाला रोगाने गाठले, दुसऱ्याच्या त्यागाला गाठले नाही. पुण्य कोणाचे उणे आणि कोणाचे अधिक, हे मोजावयास येथे जागाच नाही. शंभरातील सुमारे पंचाण्णव माणसांच्या शरीरात हा जंतू शिरला, तरी त्यांच्या पेशी वेळीच योग्य धंदा शिकतात आणि त्यांना काहीही होत नाही. उरलेल्या थोड्यांत पारडे दुसरीकडे झुकते. जन्मजात घडण, शरीराचे पोषण, जंतूंशी आलेला दीर्घ सहवास अशा अनेक गोष्टींनी ते झुकते. पूर्वजन्मीच्या पापाने नव्हे आणि देवाच्या कोपानेही नव्हे. हा रोग आईबापांकडून मुलांना वारशाने मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

समाजाने मात्र फार काळ निराळेच मानले. मुंबईचे त्या वेळचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲकवर्थ यांनी १८९० साली माटुंग्यास निराधार कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उभारले, ते उपकारच होते. पण १८९८ च्या कायद्याने निर्धन कुष्ठरुग्णांना पकडून डांबून ठेवण्याची मुभा सरकारला दिली. तो कायदा देशाच्या कायदेपुस्तकातून २०१६ साली जाऊन अखेर रद्द झाला. पतीला किंवा पत्नीला कुष्ठरोग आहे, एवढ्या कारणावर घटस्फोट मिळण्याची तरतूद संसदेने २०१९ साली काढून टाकली. कायदा बदलला, तरी मन बदलावयास वेळ लागतो. अंगावर चट्टा दिसला की माणूस तो सदऱ्याच्या बाहीखाली झाकतो. मुलीच्या लग्नात अडथळा येईल म्हणून घरातील माणसे गप्प बसतात. या गप्प बसण्यात जी वर्षे जातात, त्यांत मज्जातंतू निकामी होतात आणि बोटे वाकडी होतात. २०२३ साली जगात या रोगाचे सुमारे १ लाख ८२ हजार नवे रुग्ण नोंदले गेले; त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या भारतातील होते. तेव्हा हा विषय इतिहासजमा झाला, असे समजण्याचे कारण नाही.

उपाय अगदी हाताशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली सुचविलेली बहुविध औषधयोजना सहा महिने किंवा एक वर्ष घेतली, म्हणजे रोग बरा होतो. ही औषधे सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात, आणि उपचार सुरू झाल्यावर अल्पावधीतच रुग्णापासून दुसऱ्यास संसर्ग होण्याचे थांबते. त्याला घराबाहेर काढण्याचे, त्याचे ताट-वाटी निराळी ठेवण्याचे काहीही प्रयोजन उरत नाही. फिकट किंवा तांबूस चट्टा दिसला आणि तेथे कापसाच्या बोळ्याचा स्पर्श कळत नसला, तर दवाखाना गाठावा. कोडाच्या पांढऱ्या डागांत स्पर्श शाबूत असतो. कोड हा कुष्ठरोग नव्हे.

मात्र एका प्रसंगी रुग्ण आणि त्याचे घरचे हमखास फसतात, आणि साहाय्यक पेशींची ही सारी हकीकत त्याच प्रसंगी उपयोगी पडते. औषध सुरू होऊन काही आठवडे किंवा महिने झाले असता कधी कधी जुने चट्टे एकाएकी लाल होऊन सुजतात, कोपराजवळची किंवा गुडघ्यामागची नस दुखू लागते, हाताची पकड ढिली पडते. घरचे म्हणतात, औषध मानवले नाही, ते बंद करा. वस्तुतः तेथे निराळेच घडत असते. जंतू मरू लागल्यावर पारडे पालटते. आजवर मागे पडलेल्या पहिल्या प्रकारच्या पेशी जोराने पुढे येतात आणि मज्जातंतूंत दडलेल्या जंतूंवर तुटून पडतात. शरीर योग्य धंदा शिकू लागल्याची ही खूण आहे. पण तो आवेश मज्जातंतूला परवडणारा नसतो. अशा वेळी कुष्ठरोगाचे औषध चालूच ठेवावयाचे असते आणि सूज आवरण्यासाठी डॉक्टर प्रेडनिसोलोनसारखे दुसरे औषध त्याच्या जोडीला देतात. ते तातडीने मिळाले, तर हात वाचतो. दिवस दवडले, तर नसेला झालेली इजा कायमची राहते.

म्हणून घरात किंवा शेजारी कोणी हे औषध घेत असेल, तर त्याला तीन गोष्टी सांगून ठेवाव्यात. गोळ्या एकही दिवस चुकवू नयेत. चट्टा सुजला किंवा नस दुखली, तर घाबरून औषध टाकू नये. आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. त्याला एकट्याने जावयाची लाज वाटत असेल, तर कोणीतरी त्याच्याबरोबर जावे.